सिनेमा कात्रीने कसा होतो?

सिनेमा सुरू होताना पडद्यावर पुष्कळ नावे येतात. त्यात ‘संकलन’ असा एक शब्द असतो. मला वाटायचं, हे कुणाचं तरी आडनावच आहे. गुरुजींना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, संकलन म्हणजे सिनेमाचे तुकडे कापून नीट जोडणे. या खेपेला भित्तिपत्रकात त्यावरच लिही, असंही म्हणाले. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

पूर्वी सिनेमा एका लांब फितीवर असे. फितीवर लहान लहान चित्रे एकाखाली एक असतात आणि कडेला भोके असतात. यंत्रातून फीत भराभर सरकली की चित्र हलल्यासारखे दिसते. फ्रान्स देशात पॅरिस शहरी २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर नावाच्या दोघा भावांनी तिकीट लावून सिनेमे दाखवले. त्यातल्या एका सिनेमात कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, बस्स, एवढंच. फीत सुमारे १७ मीटरची, एक मिनिटसुद्धा पुरायची नाही. फीत संपली की सिनेमा संपला. मग कात्री कशाला लागणार?

त्याच पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचे एक जादूगार होते. ते एक गंमत सांगत असत. १८९६ साली ते रस्त्याचे चित्र घेत होते, तेव्हा कॅमेरा अडकला. दुरुस्त करून पुन्हा सुरू केला. नंतर फीत लावून बघतात तर काय, रस्त्यावरच्या घोड्याच्या बसची एकदम मयताची गाडी झाली! मधला वेळ फितीवर आलाच नव्हता. मग ते मुद्दाम कॅमेरा थांबवून माणसे गायब करू लागले. आमच्या जत्रेत जादूगार येतो, त्याला हे माहीत नसावं.

पण मला सगळ्यात आवडला तो कुत्र्याचा सिनेमा. त्याचे नाव ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’, म्हणजे रोव्हरने वाचवले. तो इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांनी १९०५ साली काढला. गुरुजींनी तो शाळेतल्या टीव्हीवर लावला. त्यात कुणी बोलत नाही. एक भिकारीण तान्हे बाळ पळवून नेते. रोव्हर कुत्रा खिडकीतून उडी मारतो, रस्त्याने पळतो, वळणावर वळतो, नदी पोहून जातो, गरिबांच्या वस्तीत एकेक दार ढकलून बघतो आणि बाळाला शोधून काढतो. मग परत येऊन बाळाच्या वडलांना घेऊन जातो. वडील होडीतून नदी ओलांडतात. सिनेमातले वडील म्हणजे हेपवर्थच, आई म्हणजे त्यांची बायको आणि बाळ त्यांची खरी मुलगी. कुत्राही घरचाच. त्याचे खरे नाव ब्लेअर होते. या सिनेमाच्या इतक्या प्रती खपल्या की मूळ फीत झिजून गेली आणि सगळा सिनेमा आणखी दोनदा नव्याने काढावा लागला.

हा सिनेमा बघताना मी रडले आणि मुले मला हसली. त्याचे कारण असे की आमचा मोती मागच्या पावसाळ्यात हरवला. तो देवळाच्या वळणापर्यंत पळत गेलेला मी पाहिला, तेवढाच. पुढचं कुणालाच दिसलं नाही. रोव्हर मात्र वळणाआड गेला की लगेच नदीवर दिसतो. मी गुरुजींना म्हटलं, याला तर सगळी वाटभर पळताना दाखवलाय. गुरुजी म्हणाले, नाही, पुन्हा बघ. पुन्हा लावला तर खरंच नव्हता! वळण संपलं की एकदम नदी. मधली वाट सिनेमात नाहीच. कॅमेरा एका जागी ठेवून कुत्र्याला पळवायचं, मग कॅमेरा उचलून दुसऱ्या जागी न्यायचा, आणि शेवटी फिती जोडायच्या. येताना त्याच जागा उलट्या क्रमाने दिसतात, म्हणून आपल्याला कळतं की कुत्रा घरी निघाला. मधली वाट मीच मनात जोडली होती.

पुढे अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी ‘द लोनली व्हिला’ या १९०९ च्या सिनेमात एकदा घरात अडकलेल्या आई-मुली आणि चोर, एकदा लांबून धावत येणारे वडील, असे आळीपाळीने दाखवले. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो.

आपले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, तेव्हा याच हेपवर्थ साहेबांच्या स्टुडिओत त्यांनी काम बघितले. हे वाचून मला फार आनंद झाला. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे. परत येऊन त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. तेव्हा कोरी फीत भोकांशिवाय यायची. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून तिला भोके पाडत असत. घरात माणसांचा स्वयंपाक करून वर हे काम! भोके वाकडी पडली तर फीत यंत्रात नीट सरकतच नाही.

रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास आणखी एक युक्ती केली. एका नटाचा साधाच चेहरा घेतला. त्याच्यापुढे एकदा सुपाचे ताट जोडले, एकदा मयताची पेटी. लोक म्हणाले, वा, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! चेहरा तर तोच होता.

मीही करून बघितलं. मोतीचा चेहरा एकदा काढला आणि कार्बन पेपरने तीनदा उतरवला. पहिल्याशेजारी भाकरी काढली, दुसऱ्याशेजारी पाऊस, तिसऱ्याशेजारी आमचं घर. तिसरीतल्या मुलांना दाखवलं. पहिल्यात भूक लागलीय म्हणाली. दुसऱ्यात भ्यालाय म्हणाली. तिसऱ्यात तो घरी यायला निघालाय, असं सगळीच म्हणाली. चित्रे खाली डाव्या कोपऱ्यात लावली आहेत. कुणी हात लावू नये, रंग अजून ओला आहे.