सुलतान खान यांना किताब मिळाला, पण कधी?

आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. अंगी गुण असेल तर कोणी अडवू शकत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांनी बुद्धिबळाचा इतिहास उघडून पाहावा. या खेळात मुलाखत नाही, शिफारस नाही. राजावर मात झाली की निकाल लागला. तरीही मीर सुलतान खान यांच्या वाट्याला काय आले?

पंजाबातील, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील, मिठा तिवाणा गावचा हा माणूस. देशी पद्धतीच्या खेळात वाढलेला. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. युरोपीय नियम त्यांनी मोठेपणी शिकले. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले. बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी १९२९ साली त्यांना लंडनला नेले आणि त्याच वर्षी ते ब्रिटनचे अजिंक्यवीर ठरले. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा तेच.

१९३०-३१ च्या हिवाळ्यात हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना हरवले. त्याच दिवसांत बाबासाहेब लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडत होते. त्यांना कोणाची मेहेरबानी नको होती. भावी राज्यघटनेत लिहून दिलेली संरक्षणे हवी होती. हा योगायोग आहे, त्याचा नसता अर्थ काढू नये. सुलतान खान दलित नव्हते आणि त्यांना ओढून आपल्या यादीत बसवायचे मला कारण नाही. परंतु आश्रय आणि हक्क यांतला फरक दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

कारण सर उमर यांचा लंडनमधला मुक्काम १९३३ च्या अखेरीस संपला आणि त्यासोबत सुलतान खान यांचा खेळही संपला. ब्रिटनचा अजिंक्यवीर, ऑलिम्पियाडमध्ये ब्रिटनच्या पहिल्या पटावर बसणारा खेळाडू, सामान बांधून परत निघाला. १९३५ साली त्यांनी आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव खेळले. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. म्हणजे बुद्धी शाबूत होती. तरी युरोपच्या स्पर्धांत ते पुन्हा दिसले नाहीत. १९६६ साली क्षयाने गेले.

आता दप्तराकडे या. जागतिक संघटना 'फिडे'ने १९५० साली ग्रँडमास्टर किताब दिले, त्यांत अकिबा रुबिनस्टाइन होते. ते १९३२ नंतर स्पर्धा खेळले नव्हते. जुन्या पराक्रमाबद्दल त्यांना किताब मिळाला, आणि योग्यच मिळाला. पण याच रुबिनस्टाइनना १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये सुलतान खान यांनी हरवले होते. हरलेल्याला किताब आणि जिंकणाऱ्याचे नाव यादीत नाही! खेळणे सोडले म्हणून वगळले, हा युक्तिवाद कोणत्या कोर्टात टिकेल? फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेच्या अध्यक्षांनी मानद ग्रँडमास्टर किताब पाकिस्तानच्या काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाती दिला. मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. आमच्या कोर्टात पक्षकार मयत झाला तर वारसांना रेकॉर्डवर घेतात आणि निकाल त्यांच्या हाती पडतो, त्यातला हा प्रकार.

पाश्चात्त्य लेखकांनी तर त्यांना नवाबाचा निरक्षर नोकर म्हणून रंगवले. त्यांच्या नातीने हे जाहीरपणे खोडून काढले आहे: घराणे पिरांचे, जमीनजुमल्याचे, आणि आजोबांना लिहिता-वाचता येत होते. बुद्धिमान काळा माणूस दिसला की त्याला चमत्कार ठरवायचे, ही सवय फक्त आपल्या गावच्या सवर्णांनाच आहे असे नाही.

याच सर उमर यांच्या घरातून फातिमा नावाची एक तरुणीही लंडनला आली होती. १९३३ साली तिने ब्रिटनचे महिला अजिंक्यपद जिंकले. अकरा डाव, दहा विजय, एक बरोबरी, पराभव नाही. विजेत्यांच्या त्या यादीत १९३३ नंतर तिचे नाव पुन्हा येत नाही.