लग्नगडी ते जमिनीचा पट्टा

परवा गटाच्या बैठकीत एका आजीने ‘लग्नगडी’ हा शब्द काढला. आमच्यातल्या तरुण मुलींना तो ठाऊकच नव्हता. बाहेरून आलेल्या सावकारांनी आदिवासींच्या जमिनी घेतल्या. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्यांच्याकडे राबायची. मे 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला वारली जमले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने ठरलं : यापुढे वेठ नाही. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. पण वेठ मोडली.

2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो. राबलो दोघं, मग नाव एकाचंच का? आज घरी पट्टा काढा, आपलं नाव आहे का पाहा. नसेल तर गटात सांगा, आपण मिळून ग्रामसभेत विचारू.