जाहिरातवाल्यांचा शौक

ईदच्या सेलची जाहिरात हवी म्हणून आम्ही एजन्सीत गेलो, तर मजकूर लिहिणारे साहेब नाटकाच्या तालमीला गेलेले! आम्हा कापडवाल्यांना राग येणारच. गिऱ्हाईक सोडून तालीम?

पण या धंद्यात ही रीत जुनीच. सत्यजित राय १९४३ साली कलकत्त्याच्या डी. जे. कीमर एजन्सीत ८० रुपये पगारावर चित्रकार म्हणून लागले. 'पथेर पांचाली'चे चित्रीकरण त्यांनी १९५२ मध्ये नोकरी सांभाळूनच, सुट्टीच्या दिवशी सुरू केले. मुंबईत लिंटासचे प्रमुख ॲलेक पदमसी नाटके बसवीत.

आमचा मजकूर दोन दिवस उशिरा आला. पण त्यातली बाई आमच्या गल्ल्यासमोर घासाघीस करावी तशीच बोलत होती. हा कान तालमीतच तयार झालेला. पुढच्या खेपेस आम्ही आधी प्रयोगाची तारीख विचारली, मग काम दिले.