क्लॅरिनेटची पत्ती किती घासावी?

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या हातातील काळे, लांब क्लॅरिनेट तुम्ही पाहिले असेल. त्याच्या मुखनळीला एक पातळ पत्ती बांधलेली असते. तिला रीड म्हणतात. 'अरुंडो डोनॅक्स' या बोरूसारख्या गवताच्या पोकळ दांड्यापासून ती करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार भागातले दांडे त्यासाठी नावाजलेले आहेत. रीड विकत मिळते. पण काही वादक ती स्वतः घडवतात, आणि विकतची रीडही आपल्या मुखनळीशी जुळवून घ्यावी लागतेच.

वाळलेला दांडा उभा चिरून त्याच्या चार फाका करतात. फाकेची आतली बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून अगदी सपाट करतात. मग सालीच्या बाजूने टोकाकडे तासत जातात. बुडाशी सुमारे ३ मिलिमीटर जाड असलेली पत्ती टोकाशी जेमतेम ०.१ मिलिमीटर उरते. इथपर्यंत हे सुतारकाम झाले. खरे काम पुढेच आहे.

बाजाच्या पेटीत पितळी पत्ती स्वतःच सूर ठरवते. क्लॅरिनेटमध्ये तसे नाही. तेथे सूर ठरवतो नळीतील हवेचा स्तंभ. पत्ती म्हणजे त्याच्या तालावर उघडमीट करणारी झडप. सर्वांत खालच्या सुरात ती सेकंदाला सुमारे १४७ वेळा उघडते आणि मिटते. तिची स्वतःची कंपनसंख्या दोन-तीन हजारांच्या घरात असते. ती वरचढ झाली, की वाद्य किंचाळते! म्हणून पत्तीचा ताठरपणा नेमका हवा.

हा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एकाच बांबूच्या, सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, एक २ मिलिमीटर जाड, दुसरी १. दोन्ही टेबलाच्या कडेबाहेर २० सेंटिमीटर काढून घट्ट धरा आणि टोकाला १० ग्रॅम वजन टांगा. पातळ पट्टी जवळजवळ आठपट वाकेल. आता पत्तीचे टोक पाहा. ०.१० ऐवजी ०.०९ मिलिमीटर झाले, तर ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी घासले आणि तेथला ताठरपणा २७ टक्क्यांनी गेला! म्हणून दोन-तीन हात फिरवावेत, पत्ती ओली करून वाजवावी, मगच पुन्हा हात लावावा.

कोठे घासावे? मुखनळी किंचित फिरवून ओठाने पत्तीची एक कड दाबा आणि दुसरी वाजवा. मग उलट करा. जी कड जड वाजते ती घासायची. त्याआधी सपाट बाजू तपासावी. मुखनळीचे दुसरे तोंड तळहाताने बंद करून आतील हवा ओढून घ्या आणि ओठ काढा. बाहेरच्या हवेच्या दाबाने पत्ती क्षणभर चिकटून राहिली, तर ती नीट बसली आहे. लगेच सुटली, तर हवा कोठूनतरी शिरते आहे.

पत्ती फारच मऊ झाली, तर टोक केसभर कापतात. मागचा जाड भाग टोकाशी येतो आणि ताठरपणा वाढतो. असे फार वेळा मात्र जमत नाही. मग नवी फाक घ्यायची.