गव्हावरचा तांबेरा येतो वाऱ्यावरून

“रान स्वच्छ ठेवलं, बी निवडून पेरलं, तरी गव्हावर तांबेरा आला कुठून?” असे तुम्ही विचारता. तो वाऱ्याबरोबर येतो. पानावरच्या तांबूस पुळ्या चोळून बघा. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात ते तगत नाहीत. पण दक्षिणेत निलगिरीच्या थंड डोंगरांवर ही बुरशी उन्हाळ्यातही गव्हावर जगते. तेथून वारा बीजाणू इकडे आणतो. दवाने पान काही तास ओले राहिले की ते रुजतात आणि पुन्हा पुळ्या फुटतात. वारा काही अडवता येत नाही. म्हणून शिफारशीचा तांबेरा-प्रतिकारक वाण निवडा, बागायती गहू १५ नोव्हेंबरपर्यंत पेरा. पहिल्या पुळ्या दिसताच १० लिटर पाण्यात १० मिली प्रोपिकोनॅझोल (२५ टक्के) मिसळून फवारा.