मुलाची दाढ ठणकतेय : रूट कॅनॉल, पल्पोटॉमी की सरळ काढून टाकायची?

रात्रीचे अकरा वाजलेत. नऊ वर्षांचं पोरगं गाल धरून रडतंय. सोलापुरातल्या एखाद्या घरात अशा वेळी लवंगेच्या तेलाचा बोळा शोधला जातो आणि कुणीतरी धीर देतं, “दुधाचीच दाढ असेल, पडेल आपोआप!”

पण ती दाढ दुधाची नसेल तर?

सहावा दात मोजा

पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळतच नाही. पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा : सहावा दात म्हणजे ही दाढ. ती गेली, की दुसरी येत नाही.

नस सुजते म्हणजे काय?

दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. बोलीत आपण त्याला ‘नस’ म्हणतो. कीड खोल गेली की नस सुजते. आजूबाजूला टणक दात असल्याने सूज पसरायला जागा नसते, म्हणून ठणका असह्य होतो.

गार पाण्याने आलेली सणक लगेच थांबली, तर नस सावरण्याची शक्यता चांगली असते. कीड साफ करून औषधी थर व फिलिंग केलं की बहुतेकदा भागतं. पण दुखणं रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर सूज वाढलेली असते. अशा वेळी पूर्वी उत्तर एकच असे : रूट कॅनॉल.

मग मुलांमध्ये अडचण कुठे येते?

दाढ तोंडात दिसू लागल्यावर तिचं मूळ पूर्ण व्हायला आणखी सुमारे तीन वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. हे मूळ वाढवते ती जिवंत नसच. ती पूर्ण काढली तर वाढ थांबते आणि दाढ पुढे तडकण्याचा धोका राहतो. शिवाय उघड्या टोकात नेहमीचं रूट कॅनॉल नीट बसत नाही.

पल्पोटॉमीत काय करतात?

दाढ बधिर करून नसेचा फक्त वरचा, सुजलेला भाग काढतात. मुळातला भाग जिवंत ठेवतात. रक्त काही मिनिटांत थांबलं, तर त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं सिमेंट भरतात आणि वर फिलिंग किंवा कॅप बसवतात. रक्त थांबलंच नाही, तर सूज आणखी खोल आहे असं समजून डॉक्टर पुढचा निर्णय घेतात.

हा उपाय बहुतेकदा एकाच बैठकीत होतो आणि मूळ वाढत राहतं. मूळ पूर्ण झालेल्या दाढांतही तो चालतो का, हे इराणमध्ये चारशेहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. पाच वर्षांनंतर पल्पोटॉमी आणि रूट कॅनॉल, दोन्हींचं यश जवळपास सारखं निघालं.

तोटा एवढाच, की काही दाढांत पुढे आतली वाट आकसते आणि नंतर रूट कॅनॉल करायची वेळ आली, तर ते अवघड जातं. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे काढून पाहावं लागतं.

रूट कॅनॉल कधी?

नस मेली असेल, हिरडीवर पू भरलेली पुळी आली असेल, तर पल्पोटॉमीचा उपयोग नाही. मूळ पूर्ण असेल तर रूट कॅनॉल. उघडं असेल तर आधी टोकाशी सिमेंटचा बूच बसवावा लागतो.

आणि काढून टाकणं?

दाढ वाचण्यापलीकडे किडली असेल तर तोही मार्ग आहे. योग्य वयात काढली तर मागची दाढ सरकून जागा भरू शकते. पण हे एक्स-रे पाहून ठरवायचं असतं, पैसे वाचतात म्हणून नव्हे.

सोलापूरकरांनी कुठे जावं?

दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. सोलापुरात केगावला असं महाविद्यालय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत होणाऱ्या तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. तिथून मिळालेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका.

एक लक्षात ठेवा : लवंगेचं तेल आणि वेदनाशामक गोळी रात्र काढायला मदत करतात, दाढ वाचवत नाहीत. अँटिबायोटिकनेही सुजलेली नस बरी होत नाही. आणि ठणका अचानक थांबला, तर खूश होऊ नका. नस मेली असण्याची शक्यता असते. चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.