हाफ क्लचचा भार कोणावर?

मे महिन्यात रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे अडकलो. गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू. ट्रक दहा पावलं सरकायचा, थांबायचा. मीही तसाच. दर वेळी हँडब्रेक ओढायचा कंटाळा, म्हणून हाफ क्लचवर गाडी तोलून धरत होतो. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. ‘ट्रकचा असेल,’ असं बायकोला सांगून टाकलं. माथा जवळ आला तेव्हा इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि गाडी जेमतेम सरकत होती.

मलकापुरातल्या गॅरेजवाल्यानं संध्याकाळी गिअरबॉक्स उतरवला आणि क्लचप्लेट माझ्या हातात ठेवली. फुलक्याएवढी चकती. कडेचं अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडलेले, पृष्ठभाग काळा, काचेसारखा गुळगुळीत. ती ज्यावर घासते त्या लोखंडी प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. “पाय क्लचवर ठिऊनच चालवताय न्हवं?” त्यानं विचारलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्यानंतर नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारू लागलो आहे. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हा पुढचा मुद्दा. आधी हे सांगा, की घसरायचं कोणी?

पेट्रोल इंजिनाची एक खोड आहे. मिनिटाला साधारण 800 फेऱ्यांच्या खाली ते गेलं की गचके खाऊन बंद पडतं. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाच्या 15 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते, असं धरू. चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी. म्हणजे क्लच पूर्ण सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला पायही लावला नाही, तरी गाडी ताशी सहा किलोमीटरनं चालू लागते. आपल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकचा वेग तीन. इंजिनाला सहाच्या खाली उतरता येत नाही आणि रस्ता तीनच्या वर जाऊ देत नाही. मधली तफावत कोणाला तरी घसरून भरून काढावी लागते, आणि घसरणं म्हणजे उष्णता.

किती? आंबा घाटातला माझा हिशेब मांडून पाहिला. माणसांसकट 1200 किलोंची गाडी, दहाला एक असा चढ, इंजिन 1500 फेऱ्यांवर, वेग ताशी तीनच्या आसपास. उत्तर आलं जवळपास तीन किलोवॅट. घरातल्या तीन इस्त्र्या एकदम तापवून त्या फुलक्याएवढ्या चकतीवर ठेवल्यासारखं. अस्तर बिचारं किती तग धरणार!

मॅन्युअल गाडीत हे घसरणं आपल्या डाव्या पायाच्या ताब्यात असतं. पाय शहाणा असेल तर प्लेट लाखभर किलोमीटरही टिकते. माझ्यासारखा असेल तर एका घाटात संपते. पण मॅन्युअलचा मोठा गुण असा, की ती कुठल्याही तालुक्याच्या गावी उघडता येते. मलकापुरात माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली. ज्याचं निम्मं आयुष्य मोकळ्या रस्त्यावर, जिल्हा-तालुक्याच्या फेऱ्यांत जातं, त्यानं ऑटोमॅटिकच्या मागे लागायचं मला तरी कारण दिसत नाही.

शहरातला मध्यमवर्ग मात्र 2014 पासून वेगळ्या वाटेला लागला. त्या वर्षी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात भरलेल्या ऑटो एक्स्पोत मारुतीची सेलेरिओ आली आणि तिच्यासोबत एएमटी हा शब्द घराघरांत पोचला. एएमटी म्हणजे आतून सरळसरळ मॅन्युअल गिअरबॉक्स. तीच प्लेट, तेच दात. फरक इतकाच, की क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र बसवलेलं असतं आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक. म्हणून ते स्वस्त पडतं. मॅन्युअलपेक्षा साधारण 50 हजारांच्या आसपास जास्त. अ‍ॅव्हरेजही मार खात नाही. सेलेरिओ आली तेव्हा मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचा जाहीर आकडा लिटरला 23.1 किलोमीटर हाच होता.

मग दुखणं कुठे आहे? गिअर बदलताना मान पुढे डुलते, हे सगळे सांगतात. त्यावर उपाय सोपा आहे: गिअर बदलायच्या बेताला पाय किंचित उचलायचा. खरं दुखणं न दिसणारं आहे. घसरायचं काम इथेही त्याच कोरड्या प्लेटकडे आहे, फक्त आता ते आपल्या पायाला कळत नाही. चढावर ब्रेक सोडून नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर एएमटी गाडी थोपवून धरणारे लोक मी रोज उड्डाणपुलांवर पाहतो. ‘ऑटोमॅटिक आहे ना, मग काय!’ असा त्यांचा भाव असतो. आत तीन इस्त्र्या तापत असतात. ह्युंदाई व्हेन्यूत 2020 साली आलेल्या आयएमटीचंही तेच. क्लचचं पेडल गेलं, गिअर हातानं टाकायचा, प्लेट जागच्या जागी.

घसरण्याचं काम धातूकडून काढून तेलाकडे देण्याची कल्पना जहाजांतून आली. जर्मनीत हेर्मान फ्योटिंगर हा इंजिनिअर स्टेटिनच्या जहाजबांधणी कारखान्यात होता. वाफेचं टर्बाइन फिरायचं भराभर, जहाजाचा पंखा फिरायला हवा सावकाश. त्यानं दोघांच्या मध्ये द्रव घातला आणि 1905 साली पेटंट घेतलं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू करा. दुसरा वाऱ्यानं फिरू लागतो. त्याच्या कल्पनेतून आलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असतं आणि मध्ये तिसरं, तेलाची दिशा वळवणारं चक्र. त्या चक्रामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन चाकाकडे जातो. एक पंखा पळतोय, दुसरा थांबलाय, तरी कोणी कोणाला घासत नाही. तेल तापतं, ते थंड करायला वेगळी सोय असते. वेग आला की आतला एक क्लच दोन्ही पंखे जखडून टाकतो, म्हणजे पेट्रोल वाया जात नाही. ब्रेझाची सहा गिअरची ऑटोमॅटिक या जातीची. मॅन्युअलपेक्षा किंमत लाखाच्या वर चढते, हा तिचा दोष.

सीव्हीटीची गोष्ट याहून गमतीची आहे. नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमध्ये डाफ कंपनीच्या हुब फान डोर्न यांनी 1958 साली डाफ 600 ही छोटी गाडी आणली. तिच्यात गिअर नव्हतेच. पिठाच्या गिरणीसारखा रबरी पट्टा, पण दोन्हीकडच्या कप्प्या शंकूच्या. कप्पीच्या दोन बाजू जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. पट्ट्याला पुढचं-मागचं सारखंच, त्यामुळे ही गाडी उलटीही तेवढ्याच वेगानं पळायची. डच लोकांनी मग डाफच्या उलट्या शर्यती भरवल्या, आणि प्रेक्षकही त्यांना लोटायचे!

आजच्या होंडा सिटीतला पट्टा पोलादी आहे: बारीक पोलादी पट्ट्यांवर ओवलेल्या शेकडो पातळ चकत्या. गिरणीचा पट्टा ओढतो, हा मात्र चकत्या एकमेकींवर रेटून ढकलतो. पायऱ्याच नाहीत, त्यामुळे गचकाही नाही. जोरात पाय दिला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. काहींना हे अजिबात सोसत नाही. मला सोसतं. निघताना घसरायचं काम बहुतेक सीव्हीटी टॉर्क कन्व्हर्टरकडेच देतात, म्हणून ट्रॅफिकमध्ये त्या शांत असतात. सांगितलेल्या वेळी तेल मात्र बदलायचं. ते चुकवलंत तर पट्टा आणि कप्पी दोन्ही जातात, आणि ते बिल क्लचप्लेटच्या बिलासारखं नसतं.

ड्युअल क्लचबद्दल थोडक्यात. एका क्लचवर चालू गिअर, दुसऱ्यावर पुढचा तयार, बदल पापणी लवेपर्यंत. हायवेवर मजा आहे. पण गर्दीत घसरायचं काम पुन्हा प्लेटांकडेच येतं. घ्यायचीच असेल तर प्लेटा तेलात बुडालेल्या आहेत का, एवढं विचारा. टाटानं 2022 मध्ये अल्ट्रोझला तेलातलाच दिला. कोरड्या प्लेटांची गाडी रोज दोन तास रांगेत उभी राहणाऱ्यानं घेऊ नये.

आणि इलेक्ट्रिक गाडी? मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते. तिला बंद पडायची भीती नाही, म्हणून घसरायची गरज नाही, म्हणून क्लच नाही.

घाट उतरण्यापुरती एक गोष्ट सगळ्यांना सारखी लागू आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडू नका. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, की आजची इंजिनं पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर ब्रेक तापतात ते वेगळंच. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर किंवा मॅन्युअल मोड लावा.

माझं मत विचाराल तर, रोजचा रस्ता सपाट आणि बजेट ताणलेलं असेल तर एएमटी, पण चढावर हँडब्रेक वापरायची शपथ घेऊन. ऑफिसच्या वाटेवर उड्डाणपूल, सिग्नल आणि रोजची रांग असेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर लाखभर जास्त घालून टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी. मी स्वतः दुसरा पर्याय निवडला.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सकाळी अकराला बोलावतो आणि रिकाम्या रस्त्यावर नेतो. तसं जाऊ नका. संध्याकाळी सातला जा, घरची चार माणसं सोबत घ्या, जवळच्या पुलाच्या चढावर रांगेत गाडी उभी करा आणि ब्रेकवरून पाय उचलून बघा. एसी चालू ठेवून.